नाथाजीची शेवटची मोट

गुरांच्या दवाखान्यात मी स्टॉकमन होतो. लोक मला डाक्टर म्हणायचे आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. खरे डॉक्टर महिन्यातून दोनदा सांगलीहून यायचे, सह्या करायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. बाकी सगळं माझ्या गळ्यात. मी मूळचा रहिमतपूरचा. आष्ट्याला माझी बदली झाली सहासष्ट साली. जिल्ह्याला सांगली म्हणायला लागून तोवर सहा वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं दक्षिण साताराच म्हणायची आणि मीही मनातल्या मनात तेच म्हणायचो, कारण त्यामुळे घर जरा जवळ वाटायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मला पांजरपोळात जावं लागे. गावापासून कोसभर लांब, दगडी कुंपणाच्या आत साठेक जनावरं होती. कामातून गेलेले बैल, दोन आंधळ्या गाई, तीन पायांवर चालणारी एक म्हैस आणि एक टांग्याचं घोडं. तपासण्यासारखं फारसं काही नसे. म्हातारपणावर माझ्या पेटीत औषध नव्हतं. कुणाच्या खुराला मलम लाव, कुणाच्या डोळ्यात थेंब घाल, की तासाभरात माझी ड्यूटी संपली. मग मी कडब्याच्या गंजीच्या सावलीत सरळ ताणून द्यायचो. सरकारी वेळेत झोपणारा माणूस म्हणून माझ्यावर कुणाला बोट ठेवायचं असेल तर खुशाल ठेवावं. तशी झोप मला पुन्हा आयुष्यात मिळाली नाही.

ती झोप आवाजांची होती. डोळे मिटले की आधी रवंथ ऐकू यायचा, साठ तोंडांचा, संथ, थोडा मागेपुढे. मग शेपटीचे फटकारे. गव्हाणीच्या लाकडाला शिंग घासल्याचा खरखराट. आंधळी गाय पाण्याला तोंड लावायच्या आधी एकदा नाकानं जोरात फुंकायची, तो फूत्कार. रस्त्यावरून इस्लामपूरची एसटी हॉर्न वाजवत गेली की टांग्याचं घोडं मान वर करून दरवाजापर्यंत चालत जायचं, कारण बारा वर्षं त्यानं स्टँडवर त्याच आवाजाची वाट पाहिली होती. सवारी नाही असं दिसलं की ते परत यायचं. आणि मधूनमधून आडावरचा रहाट, पोहऱ्याचा दोर ओढला की फिरणारा. तो करकरायला लागला की दुपार आणखी लांब, आणखी मऊ व्हायची. मला वाटायचं, मी रहिमतपूरलाच आहे, माझं वय सात-आठ आहे, आणि कुणीतरी माझ्याऐवजी सगळी कामं करतंय.

या सगळ्याच्या मधून नाथाजीचा आवाज वाहत असायचा.

नाथाजी म्हणजे पांजरपोळाचा राखणदार. साठीचा, काटक, अंगात नेहमी एकच बंडी. मूळचा औंधाकडच्या दुष्काळी माळावरचा. तरुणपणी पोट भरायला कृष्णाकाठी उतरला आणि इथलाच होऊन राहिला. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. तो दिवसभर जनावरांशी बोलायचा. मोठ्यानं नाही, एका पट्टीत. म्हशीला तिच्या पायाची चौकशी, घोड्याला एसटी निघून गेल्याची बातमी, गाईला आज कडबा कुठल्या मळ्यातून आलाय त्याची हकिकत. माणसांशी मात्र कामापुरतंच. पाणी शेंदायला भामाबाई होती, आष्ट्याच्या बौद्धवाड्यातली, हातानं बळकट आणि जिभेनं त्याहून. तिनं आडाला हात लावायचा म्हणून सुरुवातीला एका विश्वस्तानं नाक मुरडलं होतं. नाथाजीनं शांतपणे पोहरा त्यांच्यापुढं ठेवला आणि साठ जनावरांचं पाणी तुम्हीच शेंदा म्हणाला. तो विषय तिथं मिटला. हे मला भामाबाईनंच सांगितलं, आणि सांगताना ती इतकी हसत होती की दोनदा पदर सावरावा लागला.

कार्तिक संपत आला होता तेव्हाची गोष्ट. शुक्रवार होता. मी नुकता आडवा झालो होतो, एवढ्यात दरवाजात एक बैल आला. खिलारी, पांढरा, डोळ्यांत पाणी, मानेवर जुवाचा घट्टा हाताच्या पंजाएवढा. बरोबर मालक होता. मानसिंगराव, नदीकाठचे बागायतदार. पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळे चालणं ताठ. असले लोक बैल गड्याबरोबर पाठवून देतात. हे स्वतः तीन कोस चालत आले होते. बैलाचं नाव पोवळ्या, असं त्यांनी मला सांगितलं. त्याच्या जोडीचा खैऱ्या गेल्या साली गेला. विहिरीवर इंजिन बसून आता दोन वर्षं होत आली. मोट बंद झाल्यापासून बैलाला काम उरलं नाही, औताला तो चालत नाही, आणि नुसता बांधून ठेवला तर दिवसभर दावं ओढतो.

बोलता बोलता त्यांची नजर नाथाजीकडे गेली. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “नाथा, बरा हाईस न्हवं?”

नाथाजीनं तोंड फिरवलं. त्यानं बैलाचं दावं हातात घेतलं आणि बैलाच्या डोळ्यांकडे न बघता त्याला ओढत लांबच्या गोठ्याकडे नेलं. मानसिंगराव आल्या वाटेनं निघून गेले. मला नाथाजीचा राग आला. माणूस स्वतः चालत येतो, विचारपूस करतो, आणि हा तोंड फिरवतो. मी तसं बोललोही. तो म्हणाला, डाक्टर, तुमी झोपा.

मंगळवारी गेलो तेव्हा पांजरपोळात काहीतरी चुकत होतं. मी गंजीखाली आडवा झालो, डोळे मिटले, आणि झोप येईना. रवंथ होता, शेपट्या होत्या, घोडं दरवाजापर्यंत जाऊन आलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की नाथाजी बोलत नव्हता. तो होता तिथंच, गव्हाणी भरत होता, शेण ओढत होता, पण तोंडातून शब्द नाही. जनावरं त्याच्याकडे मान वळवून बघत होती. भामाबाईला विचारलं तर ती म्हणाली की तो नवा बैल आल्यापासून हे असंच आहे, माणूस मुका झालाय.

मग ती आडावर गेली. रहाट करकरला, आणि मी पोवळ्याला पाहिलं.

पहिल्या आवाजाबरोबर तो उठला. मान ताणून, खांदे पुढं काढून पाच-सहा पावलं जोर लावून चालला, जणू मागं मोठं ओझं आहे. रहाट थांबला तसा तोही थांबला, आणि मग पाऊल पाऊल मागं सरत मूळ जागी आला. पुन्हा करकर, पुन्हा पुढं. पुन्हा मागं. साठ जनावरांचं पाणी म्हणजे शंभरावर पोहरे. भामाबाईनं दोर गुंडाळला तेव्हा बैलाच्या तोंडाला फेस आला होता आणि पाय लटलटत होते. त्यानंतरही तो बसला नाही. तसाच उभा राहिला, वाट बघत.

घोड्याचं ते एसटीचं मी दर फेरीला बघत होतो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी पेटी उघडली, पुस्तक काढलं, मेंदूचा विकार असावा असा शेरा रजिस्टरात मारला आणि एक इंजेक्शन दिलं. आजही तो शेरा आठवला की कान गरम होतात.

नाथाजीला मात्र काय ते कळलेलं होतं. शुक्रवारी मी गेलो तर रहाटाच्या आसाला एरंडेलाचं बोट फिरवलेलं होतं, चांगलं निथळेपर्यंत. भामाबाईनं नुकता पहिला पोहरा सोडला होता आणि रहाट मुकाट फिरत होता. मी मनात म्हटलं, वा, झालं काम. पण लांबच्या गोठ्यात पोवळ्या आडवा पडला होता. कडब्याला तोंड लावलेलं नव्हतं. रवंथ बंद. पोटाला कान लावून ऐकलं, आत काहीच हलत नव्हतं. एक कान तेवढा आडाकडं वळवून तो पडून होता. तेल घातल्यापासून हे सुरू झालं, तिसरा दिवस, असं भामाबाईनं सांगितलं.

मी पाचक चूर्ण दिलं, गूळपाणी नळीनं पाजलं. त्यानं अर्धं बाहेर सोडलं. मग मी बाहेर येऊन नाथाजीला जे खरं होतं ते सांगितलं. हा आणखी दोन दिवस काढेल, फार तर तीन. आवाज असला तर चालून चालून मरेल, आवाज नसला तर पडून. माझ्याकडे यावर उपाय नाही.

नाथाजी सरळ आडावर गेला. त्यानं चुलीतली राख आणली आणि रहाटाचा आस चोळून चोळून कोरडा केला. मी ओरडलो, हे काय करताय म्हणून. त्यानं ऐकलं नाही. भामाबाईला पोहरा सोडायला सांगितला. करकर झाली, आणि त्या बैलानं, ज्याच्या पोटात तीन दिवस काही नव्हतं, गुडघ्यांवर जोर देऊन अंग वर उचललं. एक गुडघा फुटला. तो पुढं निघाला. मला बघवेना. मी भामाबाईला हात केला, तिनं दोर थांबवला, आणि पोवळ्या मागं सरत येऊन उभा राहिला. थरथरत होता.

“डाक्टर,” नाथाजी म्हणाला, “ह्यो अजून जुवाखालीच हाय.”

मग तो आडाच्या कट्ट्यावर बसला आणि आठवड्याभरात पहिल्यांदा बोलू लागला. भामाबाई हातात दोर तसाच धरून ऐकत होती.

मानसिंगरावांच्या विहिरीवर त्यानं एकोणीस वर्षं मोट हाकली होती. पोवळ्या आणि खैऱ्या, दोघं त्याच्या हाताखाली तयार झालेले. मोटेचं काम मी लहानपणी पाहिलं होतं, पण त्यानं सांगितलं तसं मला कधी दिसलं नव्हतं. बैल उतारावरून खाली जातात, नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणला जातो, चाक करकरतं, कातडी मोट भरून वर येते आणि काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडीत, रिकामी होते. मग बैलांनी तोंड न फिरवता मागं सरत वर यायचं. हे मागं सरणं शिकवायला वर्ष जातं, आणि ते मारून शिकवता येत नाही, आवाजानं शिकवावं लागतं. बैल मागचं बघू शकत नाही. मागं विहीर आहे एवढं त्याला माहीत असतं. मोटकरी मागं उभा आहे आणि तो थांबवेल, या भरवशावर तो पाऊल टाकतो. ऊन चढलं की शेवटची मोट काढायची, तिचं पाणी ओंजळीनं दोघांच्या खांद्यावर मारायचं आणि म्हणायचं, मोट सुटली. ते ऐकल्याशिवाय ती जोडी मान खाली करायची नाही. जू काढलं तरी हलायची नाही. नाथाजीनंच तशी खोड लावली होती, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

एके दिवशी सकाळी, मोट चालू असतानाच, इंजिन घेऊन ट्रक बांधावर आला. मानसिंगरावांनी आधी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडस झालं नसेल, असं आता नाथाजीला वाटत होतं. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात तिडीक उठली. मोट अर्ध्यात होती, बैल उतारावर, नाडा ताणलेला. त्यानं नाडा तिथंच खुंट्याला अडकवला, आसूड विहिरीत फेकला आणि पाठ फिरवून चालू लागला. मागं वळून बघितलं नाही. बैल दुसऱ्या कुणीतरी सोडले असतील. पण मोट सुटली असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“राग मालकाचा हुता,” नाथाजी म्हणाला. “आन शिक्षा दिली ती ह्यास्नी. खैऱ्या तसाच ग्येला. जुवाखाली ग्येला त्यो.”

तो मळा सोडून तो पांजरपोळात आला होता. इथं आल्यावर बैल बघून जीव तरी स्वस्थ राहील, असं त्याला वाटलं होतं. पोवळ्या दरवाजात उभा राहिला तेव्हा त्यानं एकच ठरवलं, आपला आवाज याच्या कानी पडू द्यायचा नाही. ओळखलं तर काय तोंड दाखवायचं, ही लाज. म्हणून सगळ्याच जनावरांशी बोलणं बंद.

पहिलं तोंड भामाबाईनं उघडलं.

“आवं नाथाजी,” ती म्हणाली, “मग आता सांगा की त्येला. म्या पानी काढती.”

नाथाजी हलला नाही. डोक्यावर ऊन होतं, घोडं झोपेत पाय बदलत होतं, आंधळ्या गाईनं पाण्यावर फुंकर मारली. मला ती दुपार स्वप्नातली वाटत होती. आपण गंजीखाली झोपलोय आणि हे सगळं तिथूनच ऐकतोय, असं. पण त्याच्या तोंडावरची भीती स्वप्नातली नव्हती. नुसतं सांगून उपयोग झाला नाही तर, एवढंच तो म्हणाला. त्यानं ओळखलंच नाही तर.

भामाबाईनं पोहरा सोडला. रहाट करकरला. पोवळ्या त्या फुटक्या गुडघ्यावर पुढं निघाला, थांबला, मागं सरू लागला. एक पाऊल, दोन पावलं. नाथाजी उठला आणि त्याच्या मागं जाऊन उभा राहिला, जिथं मोटकरी उभा राहतो तिथं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नुसता श्वास बाहेर आला. बैल सरत सरत त्याच्या छातीपर्यंत आला. आता पाठ अंगाला लागणार, एवढ्यात नाथाजीनं दोन्ही हात त्याच्या पाठीवर टेकले, आणि बैल थांबला.

भामाबाईनं पोहरा आणून दिला. नाथाजीनं ओंजळ भरून त्या घट्ट्यावर पाणी मारलं. एकदा. पुन्हा एकदा. दुसऱ्या बाजूला, जिथं खैऱ्या असायचा, तिथं रिकाम्या जागेवरही एक ओंजळ टाकली, आणि तेव्हा त्याला रडू फुटलं.

“मोट सुटली रं,” तो म्हणाला. “पोवळ्या, मोट सुटली गड्या. लय उशीर झाला मला.”

बैलानं वळून बघितलं नाही. ओळख दिली वगैरे काही नाही. मी तरी तसं काही पाहिलं नाही, आणि नसलेलं सांगणार नाही. तो उभाच होता. मी मनात आकडे मोजत होतो, वीस, तीस, चाळीस. मग त्याची मान खाली गेली. हळूहळू, थोडी थोडी, जमिनीला नाक लागेपर्यंत. त्यानं एक लांब सुस्कारा टाकला, धूळ उडाली, आणि तो पुढचे पाय दुमडून खाली बसला. नाथाजी त्याच्या पाठीला टेकून बसला. नाथाजीला तिथंच झोप लागली. तोंड उघडं टाकून, पाय पसरून, भर दिवसा.

थोड्या वेळानं मी जाऊन पोवळ्याच्या पोटाला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग खोल कुठंतरी एक गुरगुर झाली, आणि गळ्यातून घास वर आला. तो चावू लागला. मी उठलो तेव्हा माझ्या चष्म्यावर काहीतरी आलं होतं. ती धूळ नव्हती, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

पण पाण्याची वेळ झाली होती. भामाबाईचे दोन-तीन पोहरे तेवढे निघाले होते आणि उरलेली सगळी जनावरं तहानलेली. आधी म्हैस ओरडली, मग गाई, मग बैलांनी गव्हाणीवर शिंगं आपटायला सुरुवात केली. एवढ्या गलक्यातही नाथाजी उठला नाही. आसाला पुन्हा तेल घालावं म्हटलं तर बाटली रिकामी. भामाबाईनं माझ्याकडे बघितलं. आज राहू दे पाणी, असं म्हणण्यासारखं नव्हतं. साठ जीव होते. आणि रहाट फिरला की पोवळ्या उठणार नाही याची खात्री नव्हती. उठला असता तर त्या गुडघ्यावर चालून चालून कोसळलाच असता.

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. भामाबाई म्हणाली, डाक्टर, तुमच्या हाताला फोड येतील. मी म्हटलं, येऊ देत. दोघांनी मिळून दोर धरला आणि पोहरा आत सोडला. पाण्याला लागल्याचा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि ओढलं.

रहाट करकरला, राखेनं कोरडा झालेला, नेहमीपेक्षा मोठ्यानं. मी लांबच्या गोठ्याकडे बघत होतो. पोवळ्यानं चावणं थांबवलं. एक कान आडाकडं वळला. नाथाजीचा हात झोपेतच त्याच्या खांद्यावर होता. पोहरा वर आला, भामाबाईनं तो हौदात ओतला. कान थोडा वेळ तसाच राहिला, मग परत फिरला, आणि पोवळ्या चावू लागला. आम्ही दुसरा पोहरा सोडला.